फातिमा बीवी, आणि आमच्या तालुक्याचं कोर्ट

काळा_कोट (धागाकर्ती)

परवा आमच्या तालुक्याच्या कोर्टात वाटणीच्या दाव्यात एका आजीची साक्ष होती. भांडण तिच्या सहीच्या हक्कसोडवरून, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावरून. दावा चालू आहे, म्हणून नावगाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्हा एवढं पुरे. आजी सत्तरीच्या पुढची, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत चार घड्या घातलेली सातबाऱ्याची नक्कल. पुकारा झाला तशी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली आणि वर पाहिलं. खुर्चीत बाई! आजीनं आधी पदर डोक्यावर ओढला, मग मागे सारला, आणि हात जोडून म्हणाली, "नमस्कार, मास्तरीणबाई."

कोर्ट हसलं, जजमॅडमही हसल्या. शपथ झाली, साक्ष सुरू झाली. मी मात्र दिवसभर त्या एका शब्दावर अडकले होते. आजीनं जन्मात खुर्चीवर बसलेली सरकारी बाई एकच पाहिली होती, ती शाळेतली.

रात्री घरी येऊन फातिमा बीवींबद्दल पुन्हा वाचलं. २३ नोव्हेंबर २०२३ ला त्या गेल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी चार ओळींची बातमी होती : सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, १९८९. मला त्या १९८९ पेक्षा त्याआधीच्या ३१ वर्षांचं जास्त अप्रूप आहे. माझ्यासारख्या तालुक्याच्या वकिलाला तीच ओळखीची वाटतात.

जन्म ३० एप्रिल १९२७, केरळातलं पत्तनमतिट्टा. बीएस्सी झाल्यावर त्यांना रसायनशास्त्रातच पुढे शिकायचं होतं. वडिलांनी कायद्याकडे वळवलं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर अॅना चांडी होत्या. त्रावणकोर संस्थानात १९३७ सालीच मुन्सफ झालेली बाई. म्हणजे या बापानं खुर्चीत बसलेली बाई आधी पाहिलेली होती, म्हणून पोरीला त्या वाटेनं धाडायचं त्याला सुचलं. आमच्या आजीला ते सुचणं शक्यच नव्हतं.

१९५० च्या नोव्हेंबरात सनद घेतली. आठ वर्षं वकिली केली. मे १९५८ मध्ये मुन्सफ झाल्या. सब-जज कधी? १९६८ ला. दहा वर्षं मुन्सफच! आपल्याकडे आज ज्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणतात, तीच पायरी. तिथे राज्यघटनेचा अर्थ वगैरे कोणी विचारायला येत नाही. तिथे येतं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, विहिरीच्या पाण्याची पाळी, हातउसने दिलेले पैसे, भाडेकरू निघत नाही, मनाई हुकूम द्या. तिकडे नारळाच्या झाडावरून भांडत असतील, इकडे बांधावरच्या बोरीवरून. असल्या कज्ज्यांचे रोजनामे, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदी, लिहिण्यात माणसाची दहा वर्षं जातात आणि पेपरात एक ओळ येत नाही.

पुढे १९७२ ला चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट, १९७४ ला जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८० ला आयकर अपील न्यायाधिकरण, ऑगस्ट १९८३ ला केरळ हायकोर्ट. २९ एप्रिल १९८९ ला तिथून वयाप्रमाणे निवृत्तही झाल्या. संपलं, घरी बसायचं. आणि सहाच महिन्यांत, ६ ऑक्टोबर १९८९ ला, सुप्रीम कोर्टात शपथ. सुप्रीम कोर्ट १९५० सालचं. ३९ वर्षं तिथे एकही बाई बसली नव्हती.

त्यांचा १९९१ चा एक निकाल मला जवळचा वाटतो. कर्नाटकात सरकारनं एक वस्ती झोपडपट्टी म्हणून जाहीर केली. त्या कायद्यानं रहिवाशांना जे मिळायचं त्याची आशा लागली, आणि नंतर त्यांना न विचारताच जाहीरनामा मागे घेतला. फातिमा बीवींनी लिहिलं की एकदा जाहीर केल्यावर त्या लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते रद्द करता येत नाही. ज्यानं गावठाणातलं अतिक्रमण, नोटीस आणि जेसीबी हा क्रम एकदा पाहिला आहे, त्याला या निकालाची किंमत सांगावी लागत नाही.

तुमच्याकडच्या कोर्टात पहिली बाई जज कधी आली, कोणाला आठवतं का? लिहा.

---

निवृत्त_नाझर

आठवतं तर काय! नोकरीच वऱ्हाडातल्या कोर्टांत गेली माझी. आमच्याकडे पहिल्या मॅडम आल्या त्या ऐंशीच्या दशकात. ऑर्डर आली तेव्हा ऑफिसात सगळे एकमेकांची तोंडं पाहत होते. मुख्य काळजी ही की हाक काय मारायची. पट्टेवाला म्हणाला, आपण 'साहेब'च म्हणू, वाद नको. तेच रूढ झालं.

खरी अडचण वेगळीच निघाली. डायसवरची खुर्ची इंग्रजी अमदानीतली, सागवानी, भलती उंच. मॅडमची चण लहान. पाय जमिनीला टेकेनात. सकाळी ११ ते संध्याकाळपर्यंत पाय लोंबकळत ठेवून साक्षी नोंदवायच्या. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चेंबरमध्ये पायांना बाम चोळताना मला दिसल्या. मी बाजारातल्या सुताराकडून पाटाएवढा चौरंग करून घेतला आणि किरकोळ खर्चात लावला : 'चौरंग, सागवानी, १ नग.'

वर्षअखेर ऑडिट आलं. पॅरा निघाला : 'न्यायालयात चौरंगाचे प्रयोजन काय?' त्यांना वाटलं आम्ही सत्यनारायण घालतो. मी उत्तर दिलं, 'मा. न्यायाधीशांचे पाय ठेवण्याकरिता.' परत शेरा : 'यापूर्वीच्या न्यायाधीशांना आवश्यकता का भासली नाही?' आता याला काय लिहिणार? शेवटी मॅडमनीच पेन घेऊन खाली दोन शब्द लिहिले, 'उंची वेगळी.' पॅरा वगळला गेला.

त्यांची बदली झाली तरी चौरंग तिथेच राहिला. नंतर आलेल्या एका सहा फुटी साहेबांनी त्याला पायाचा अंगठा ठेचून घेतला.

---

पळसफूल

काका, उंची वेगळी!! 😄 वाचनखूण साठवली.

---

शाईचा_डाग

लेख छान. पण 'पहिली' या शब्दाचा दरवेळी गोंधळ होतो, म्हणून थोडं सोडवून ठेवतो.

हायकोर्टाची देशातली पहिली महिला न्यायाधीश अॅना चांडी, ९ फेब्रुवारी १९५९, केरळ. त्याआधी १९४८ ला त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या होत्या. म्हणजे फातिमा बीवी मुन्सफ होऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्याच राज्यात वरच्या कोर्टात एक बाई बसलेली होती. हे साधं नाही. हायकोर्टाची पहिली महिला मुख्य न्यायमूर्ती लीला सेठ, १९९१, हिमाचल प्रदेश. सुप्रीम कोर्टात पहिल्या फातिमा बीवी.

आणि आपल्याशी थेट संबंध असलेल्या सुजाता मनोहर. मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश, १९७८. नागपूर खंडपीठ मुंबई हायकोर्टाचंच, तेव्हा विदर्भालाही पहिल्या त्याच. १९९४ ला तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती, मग केरळला मुख्य न्यायमूर्ती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात, फातिमा बीवींनंतरच्या दुसऱ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा १९९७ चा विशाखा निकाल दिला त्या तिघांच्या पीठात त्या होत्या.

या सगळ्यांच्या मागे उभ्या कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली १८९२ ला, पण बायकांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. शिकून तयार असलेल्या बाईला ३० वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं.

---

काळा_कोट

धन्यवाद, शाईचा_डाग. मी फातिमा बीवीच निवडल्या त्याचं कारण यातच आहे. सुजाता मनोहर यांचे वडील गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. लीला सेठ लंडनची बॅरिस्टरीची परीक्षा पहिल्या येऊन पास झाल्या. दोघी थोरच, त्यात शंका नाही. पण मुन्सफाच्या खुर्चीवरून एकेक पायरी चढत दिल्लीला पोचणं ही निराळी गोष्ट. आमच्या कोर्टातल्या मॅडम जो रोजनामा लिहितात, तोच त्यांनी लिहिलेला आहे.

नाझरकाका, चौरंगासाठी साष्टांग नमस्कार.

---

तुरीच्या_शेंगा

ताई, वाचलं सारं. लय चांगलं लिवलं. पण मले एक सांगा, बाई जज आली म्हून तारखा कमी होतेत काय? माह्या धुऱ्याचा दावा २०११ पासून चालू हाये. तीन सायेब बदलले, दोन मॅडम बदलल्या, धुरा तिथच्या तिथं. शेजाऱ्यानं त्यावर आता तूर पेरली.

अन् दुसरं. तुमच्या त्या आजीचं वाचून जरा टोचलं. मीबी बहिणीले साडीचोळी केली व्हती अन् हक्कसोडवर सही घेतली व्हती. सारेच करतेत. तवा काही वाटलं नाही.

---

काळा_कोट

दादा, तारखांचं तुमचं बरोबर आहे. एका कोर्टापुढे हजारांनी फायली असल्या की खुर्चीत कोण आहे यानं तारीख लवकर पडत नाही. धुऱ्याच्या दाव्यात मोजणी झाली का, कोर्ट कमिशनर नेमून घेतला का, तेवढं तुमच्या वकिलांना विचारा. मोजणीच्या नकाशाशिवाय हे दावे नुसते लोळत राहतात.

बहिणीचं : मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हिस्सा महाराष्ट्रात २२ जून १९९४ च्या दुरुस्तीनं आला, तोही तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. ती अट २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही. पण नोंदणी केलेलं हक्कसोड असेल तर ते मोडणं सोपं नसतं, हेही खरं. आणि कोणाच्या बहिणीला वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा.

आजीला उलटतपासात हक्कसोडवरची सही दाखवली. "ही सही तुमचीच का?" आजी म्हणाली, "सही माहीच. मास्तरीणबाईनं शिकवली व्हती. पर तिनं सही शिकवली, असा कागद वाचाले नाही शिकवला." हे शेवटचं वाक्य रोजनाम्यात आलं नाही. साक्षीत जसंच्या तसं आलं, मॅडमनी टंकलेखकाला थांबवून घ्यायला लावलं.

---

झाडीपट्टी

मी वडसा-देसाईगंजचा. बाई न्यायाधीश म्हटलं की आमच्या गावाचं नाव यायलाच हवं, जरी त्या प्रकरणात एकही बाई न्यायाधीश नव्हती. किंबहुना म्हणूनच.

मार्च १९७२. देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हा आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात. एक आदिवासी पोरगी, तिच्यावर ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केला. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, गावातले म्हातारे अजून ते दबक्या आवाजात घेतात. सत्र न्यायालयानं १९७४ ला आरोपी सोडले. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ ला कायदा बदलला : पोलीस कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं, आणि तिथे बाईनं 'संमती नव्हती' म्हटलं की कोर्टानं तसंच धरून चालायचं.

तेव्हा अख्ख्या सुप्रीम कोर्टात एकही बाई नव्हती. असती तर निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही. पण ठाण्यात रात्री उभी असलेली १४-१६ वर्षांची पोर ओरडत का नाही, हा प्रश्न त्या खोलीत निदान कोणी विचारला असता.

---

शाईचा_डाग

झाडीपट्टी, मुद्दा मान्य, पण दुसरी बाजूही मांडतो. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाचाच पॉक्सोमधला (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) निकाल आला, की कपड्यावरून केलेला स्पर्श त्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला नाही, तो एका महिला न्यायमूर्तींचा होता. सुप्रीम कोर्टानं तो नोव्हेंबर २०२१ मध्ये फिरवला. फिरवणाऱ्या तिघांत दोन पुरुष, एक बाई. तेव्हा बाई म्हणजे आपोआप बाईच्या बाजूची, हा हिशेब चालत नाही.

---

झाडीपट्टी

नाही चालत. पुरुष न्यायाधीशांनी एवढी वर्षं चुकीचे निकाल दिले, तेव्हा पुरुषांना खुर्ची द्यावी की नाही असं मात्र कोणी विचारलं नाही. बायकांनाही चुकायचा तेवढाच हक्क असू द्या की.

---

चौकातला_कट्टा

सगळे आरत्या ओवाळताहेत म्हणून आठवण करून देतो. याच फातिमा बीवी तामिळनाडूच्या राज्यपाल असताना मे २००१ मध्ये त्यांनी जयललितांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. शिक्षा झाल्यामुळे जयललिता निवडणूकही लढवू शकल्या नव्हत्या. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं ती नेमणूकच रद्द ठरवली. माजी सुप्रीम कोर्ट न्यायमूर्तीला हे कळलं नसेल?

---

काळा_कोट

कळायला हवं होतं. मला तो निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. त्याच वर्षी जुलैत त्यांनी राज्यपालपद सोडलं, तेही करुणानिधींच्या अटकेनंतर केंद्रानं त्यांना परत बोलवायची शिफारस केल्यावर. मी आरती ओवाळत नाहीये. माझा धागा १९५८ ते १९८९ चा आहे.

---

वर्धाकाठ

ताई, मी नागपूरला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव आर्वी तालुक्यात, घरी पाच एकर, त्यातली दोन ओलिताची. मला जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची परीक्षाच द्यायची होती, म्हणून कायदा घेतला. आणि २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आधी तीन वर्षं वकिली करा, मग परीक्षेला बसा. पीठाचे अध्यक्ष तेव्हाचे सरन्यायाधीश गवई, आपल्या अमरावतीचेच. पेपरात त्यांचा फोटो पाहून बाबांना केवढा अभिमान वाटला होता, आणि आता हे.

तीन वर्षं वकिली म्हणजे काय हे शहरात राहणाऱ्यांना कळत नाही. सिनिअर ज्युनिअरला काही देत नाही. पेट्रोलचे पैसे मिळाले तरी नशीब. मुलगा असता तर घरचे म्हणाले असते, बस तीन वर्षं. मला म्हणताहेत, तीन वर्षं नुसतीच बसणार तर स्थळं पाहायला काय हरकत आहे? दोन बायोडाटा मामानं आणलेसुद्धा.

---

निवृत्त_नाझर

पोरी, वाईट वाटून घेऊ नको, पण मला हा निर्णय पटला. थेट कॉलेजातून आलेले साहेब मी पाहिलेत. वकीलपत्र कसं दिसतं माहीत नाही, दरखास्त म्हणजे काय ते बेंच क्लार्कला विचारायचं. वकील त्यांना गुंडाळून ठेवायचे. थोडं कोर्टात फिरून आलेला माणूस तसा सापडत नाही.

---

वर्धाकाठ

काका, फिरायला ना नाही. फिरायचं कोणाच्या पैशानं, एवढंच विचारतेय. २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या अहवालात जिल्हा न्यायालयांत महिला ३६ टक्क्यांवर असल्याचं आहे, हायकोर्टांत १३ आणि सुप्रीम कोर्टात ९. खालीच तेवढ्या का आल्या? कारण खाली परीक्षा आहे, कोणाची ओळख लागत नाही. आता त्या परीक्षेच्या दारातच तीन वर्षांचा बांध घातला.

---

काळा_कोट

तुझं खरं आहे आणि नाझरकाकांचंही खोटं नाही. फातिमा बीवीही आठ वर्षं वकिली करून मग मुन्सफ झाल्या. पण त्यांच्यामागे खमके वडील होते. मामाचे बायोडाटा मध्ये आले नाहीत.

नियमाबद्दल दोन कामाच्या गोष्टी. तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, ऑल इंडिया बारची परीक्षा पास झाल्यापासून नाही. तेव्हा निकाल लागला की त्याच आठवड्यात नोंदणी कर, एक महिना वाया घालवू नको. आणि न्यायाधीशाकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्यात धरतात.

तिसरं म्हणजे माझ्याकडे ये. महिन्याला फार देऊ शकणार नाही, पण पेट्रोल आणि खोलीचं भाडं निघेल. काम मात्र पूर्ण शिकवीन. माझ्या सिनिअरनं मला पहिलं वर्षभर नोटरीच्या टेबलाशेजारी बसवून नुसते शिक्के मारायला लावले होते. "बाई, उलटतपास तुझ्यानं नाही व्हायचा." तसं करणार नाही.

फक्त एक आधीच सांगते. मला पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त त्रास त्या शिक्क्यांचा झाला नाही, चावीचा झाला. आमच्याकडे बायकांसाठी संडास आहे, पण कुलूपबंद. चावी ऑफिसात भिंतीवर खिळ्याला. वीस-पंचवीस वकील, पक्षकार, पोलीस यांच्यामधून जायचं, सगळ्यांसमोर खिळ्यावरून चावी काढायची, आणि परत आणून लावायची. मी सकाळचा चहा सोडला होता, मग पाणीही. जूनमध्ये मूतखडा झाला.

---

निवृत्त_नाझर

खिळा आमच्याकडेही होता. मीच ठोकलेला. चावी हरवू नये म्हणून, सगळ्यांना दिसेल असा. तीस वर्षांत कधी मनात आलं नाही.

---

तुरीच्या_शेंगा

ताई, बहिणीशी बोललो काल. ते मंग सांगतो.

---

वर्धाकाठ

ताई, शेवटचा पेपर १२ तारखेला आहे. मी येते. बाबांना मी सांगते, मामाला बाबा सांगतील. आणि चावीचं काय?

---

काळा_कोट

ये. चावी बाजारात दुसरी करून घेतलीय, माझ्या पर्समध्ये असते. तुझ्यासाठी उद्या तिसरी करते. ३० रुपये घेतो तो.

---

निवृत्त_नाझर

पावती घेऊन ठेवा. ऑडिटला लागते.